एस्तेरची जोड

"म्हणजे आमच्याकडं आल्या म्हणून त्या गेल्या, असं का?"

मार्थाताईंनी हे इतक्या हळू विचारलं, की टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टर मुजुमदारांना ऐकूच आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. मार्थाताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तितक्याच हळू.

"सिस्टर, मी कोणाला दोष देत नाही," मुजुमदार म्हणाले. ते संस्थेचे कार्यवाह. पुण्याहून खास यासाठी आले होते. "पण तक्ता तुमच्यासमोर आहे. जी बाई आपल्या या विसाव्यात येऊन राहते, ती किंवा तिचं बाळ दगावण्याचं प्रमाण पाड्यावरच बाळंत होणाऱ्या बाईच्या जवळजवळ दुप्पट. विश्वस्त मला विचारतात, मग हे घर चालवायचं कशासाठी?"

मार्थाताईंनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. त्या उठल्या आणि आत गेल्या. आतल्या खोलीत तीन गरोदर बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांतल्या एकीचे पाय त्यांनी मांडीवर घेतले आणि अंगठ्याने दाबून सूज पाहायला लागल्या.

ही गोष्ट मोहबारीची, सातपुड्यातली. मी तेव्हा संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच संस्थेत रुजू झाले होते. धुळ्याची मुलगी, पण डोंगर बसच्या खिडकीतूनच पाहिलेले. विसावा म्हणजे संस्थेच्या छोट्या दवाखान्याला लागून बांधलेलं कौलारू घर. आसपासच्या पाड्यांवर जीप पोचत नाही, म्हणून दिवस भरत आले की बायकांनी इथे येऊन राहायचं. कळा सुरू झाल्या की भिंतीपलीकडे दवाखाना. कल्पना मार्थाताईंची. मार्था गावित, नवापूरकडच्या, नर्स म्हणून उभं आयुष्य डोंगरात काढलेल्या. घर त्यांनीच उभं केलं होतं आणि त्याच चालवत होत्या.

मुजुमदार निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "हेमांगी, तुमचं शिक्षण या विषयातलं. हा तक्ता चुकीचा आहे असं तुम्हाला वाटत असेल तर दाखवून द्या. पुढच्या बैठकीपर्यंत मी निर्णय थांबवून धरतो."

तक्ता चुकीचा नव्हता. मी तो तपासून पाहिला होता. आणि तरी त्यात काहीतरी खोटं आहे असं आतून वाटत होतं. काय, ते मला सांगता येत नव्हतं. मी रेगेबाईंना फोन केला.

विद्या रेगे माझ्या पुण्याच्या प्राध्यापिका, तेव्हा निवृत्त झालेल्या. दम्याचा त्रास, हातात काठी. मला वाटलं होतं फोनवर दोन गोष्टी समजावतील. त्या म्हणाल्या, "फोनवर हे शिकवता येत नाही. मी येते." आणि खरंच आल्या. घाटातल्या वळणांनी पिवळ्या पडलेल्या, पण जीपमधून उतरल्या उतरल्या त्यांनी चहाही न घेता विचारलं, "घर कोण चालवतं?"

मार्थाताई ओट्यावर मुगाची डाळ निवडत होत्या. बाई त्यांच्याशेजारी टेकल्या.

"तुम्ही कोणाकोणाला इथे आणता?"

"जिच्या अंगात रक्त नाही तिला," मार्थाताई म्हणाल्या. "जिचे पाय, तोंड सुजलंय. जिचं आधीचं मूल गेलंय. ज्या बाईची मला भीती वाटते तिला आणते. धडधाकट बाईला तिचं घरदार, शेळ्या सोडून कशाला आणू?"

बाई माझ्याकडे वळल्या. "आता सांग, तक्ता काय म्हणतो?"

मी म्हणाले, "तक्ता म्हणतो, की इथे आजारी बायका येतात."

"एवढंच म्हणतो. घर चांगलं की वाईट, याबद्दल त्यानं अजून तोंडच उघडलेलं नाही. ते आपल्याला त्याच्याकडून वदवून घ्यायचंय."

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. वर्गात हे सगळं मी एकदा ऐकलेलं होतं, फळ्यावरची चिन्हं उतरूनही घेतली होती. पण बाईंनी एकही चिन्ह लिहिलं नाही. तालुक्यातल्या प्रत्येक गरोदर बाईची गावोगावच्या आशा सेविकांनी सातव्या महिन्यात तपासणी केलेली असे. ती विसाव्यात येणारी असो की न येणारी. वय, उंची, रक्त, सूज, आधीची बाळंतपणं, पाडा किती लांब. ती सगळी माहिती आमच्याकडे होती.

"ही बघ," बाई म्हणायच्या. "हिचं तिसरं बाळंतपण, रक्त कमी, पाडा नदीपलीकडे, पहिलं मूल गेलेलं. ही इथे आली. आता हिच्यासारखीच दुसरी शोध, जी आली नाही. दोघी सगळ्या बाबतीत सारख्या, फरक एवढाच की एक उंबरठा ओलांडून आत आली आणि दुसरी आपल्या घरी राहिली. मग दोघींचं काय झालं ते बघ. आधी नाही."

"आणि अगदी तशीच सापडली नाही तर?"

"मग जवळात जवळची. पण किती जवळची, ते आधी ठरव. मनाला येईल तशी कोणालाही कोणाशी बांधायची नाही."

मी दोन दिवस खपून जोड्या लावल्या आणि त्यांना दाखवल्या. त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "कळा किती वेळ चालल्या, हे तू धरलंयस?"

"हो. लांबलेलं बाळंतपण धोक्याचं, म्हणून..."

"पण हे उंबरठ्याच्या अलीकडचं की पलीकडचं?"

मी तो रकाना पुन्हा वाचला.

"इथे आल्यामुळे कळा लांबल्या नसतील कशावरून? किंवा आटोपल्या नसतील? घरानं जे काही केलं असेल तेच तू पुसून टाकतेयस. आत पाऊल टाकण्याआधीची बाई बघायची, हेमांगी. नंतरची नाही."

मी सगळ्या जोड्या मोडल्या आणि पुन्हा बसले. मार्थाताई संध्याकाळी जवळ येऊन बसायच्या. संगणकाच्या पडद्याकडे पाहायच्या नाहीत, आमच्या तोंडाकडे पाहायच्या. एकदा हसून म्हणाल्या, "शाळेत असायचं तसंच की हे. जोड्या लावा."

"तसंच," बाई म्हणाल्या. "फक्त उत्तरं मागच्या पानावर छापलेली नाहीत."

त्या घरात इतक्या दिवसांत मी मार्थाताईंना तेवढंच हसताना पाहिलं. त्यांच्या खोलीत एका तरुण मुलीचा फोटो होता, दोन वेण्या घातलेल्या, हसऱ्या. ती त्यांची मुलगी एस्तेर, बाळंतपणात गेलेली, एवढं मला माहीत होतं. त्याहून जास्त विचारण्याइतकी माझी ओळख नव्हती.

मग अडचण आली. विसाव्यातल्या बऱ्याच बायकांना जोडच मिळेना. धोक्यातल्या बायकांना मार्थाताई हात धरून घेऊन येत. तशा असूनही घरीच राहिलेल्या थोड्याच होत्या.

"मग त्या थोड्यांचं वजन वाढवायचं," बाई म्हणाल्या. "घरी राहिलेल्या बहुतेकजणी ठणठणीत, त्यांचा आवाज मोठा. म्हणून तक्ता फसतो. आपल्याला ऐकायचंय ते या थोड्यांचं. तेव्हा ठणठणीत बाईनं कमी बोलायचं, आणि अशा एकीनं चौघींचं, पाचजणींचं बोलायचं. जी विसाव्यात येण्याची शक्यता खूप होती आणि तरी आली नाही, तिला जास्त वजन."

मी वजनं काढली. एका नावापुढचा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आला. सेवली पावरा. लक्षणं सगळी धोक्याची, पाडा लांबचा, आणि घरीच बाळंत झालेली.

बाईंनी चष्मा काढला. "एका बाईच्या शब्दावर एवढं ओझं टाकायचं तर तिला आधी भेटून यावं. उद्या जाऊ."

"मार्थाताई, तुम्ही पण चला," मी म्हणाले.

"नको," त्या म्हणाल्या. "तिथं मी नको." आणि बायकांचं जेवण पाहायला निघून गेल्या.

जीप निम्म्या वाटेपर्यंत गेली, पुढे चालत. बाई दर वळणावर थांबत होत्या. मोहाची फुलं गळायचे दिवस होते, सगळ्या डोंगराला गोडसर, आंबूस वास येत होता. सेवली अंगणात फुलं वाळत घालत होती. पंचविशीची असेल. आश्रमशाळेत काही वर्षं शिकलेली, त्यामुळे मराठी बोलत होती, थांबत थांबत.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "तुमच्या बाळंतपणाबद्दल विचारायचंय. सांगावंसं वाटलं नाही तर सांगू नका."

सेवलीने फुलं पसरायचं काम चालूच ठेवलं. "मुलगा होता," ती म्हणाली. "निळा झालेला. रडलाच नाही."

मी विचारलं, "विसाव्यात या म्हणून कोणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं ना. ती बाई आली होती. दोनदा आली. दुसऱ्यांदा माझे पाय धरले तिनं. एवढी म्हातारी बाई." ती उठून उभी राहिली, हाताला चिकटलेली फुलं झटकली. "सासू जा म्हणत होती. नवराही म्हणत होता. मीच नाही गेले."

"का?"

"भीती वाटली. तिची स्वतःची पोर तिथंच मेली ना. आमच्या पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे."

मी बाईंकडे पाहिलं. बाई सेवलीकडे पाहत होत्या.

"तुला राग येतो का तिचा?" बाईंनी विचारलं. कधी 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या, त्यांनाही कळलं नसावं.

"तिचा कशाला?" सेवली म्हणाली. "ती तर न्यायला आली होती."

तिने आम्हाला पाणी दिलं. निघताना बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. परतीच्या वाटेवर त्यांना जोराचा दम लागला. एका दगडावर बसून त्या कितीतरी वेळ श्वास सांभाळत होत्या. मग म्हणाल्या, "त्या भीतीसाठी आपल्या तक्त्यात रकाना आहे का?"

"नाही."

"जे कोणी विचारलंच नाही, ते जुळवता येत नाही. हे अहवालात लिही. लपवू नकोस."

आम्ही पोचलो तेव्हा मार्थाताई दारातच उभ्या होत्या. आमची तोंडं पाहून त्यांना समजलं.

"सेवलीनं सांगितलं," त्या म्हणाल्या.

आम्ही ओट्यावर बसलो. ऊन उतरलं होतं. मार्थाताई उभ्यानेच बोलायला लागल्या, एखाद्या पेशंटची हकीकत डॉक्टरला सांगावी तशा.

"घर बांधलं तेव्हा कोणी येईना. खाटा रिकाम्या. मी पाड्यापाड्यावर फिरायची, बायका ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या, यायच्या नाहीत. एका म्हातारीनं तोंडावर विचारलं, तुझ्या पोरीला ठेवशील का तिथं? एस्तेर तेव्हा सुरतला होती. लग्न होऊन गेलेली. घराजवळ मोठं हॉस्पिटल, सगळी सोय. पहिलं बाळंतपण. मी तिला फोन केला. म्हटलं, माहेरी ये, इथं माझ्या घरात राहा, बायकांना दिसू दे. ती हसली. म्हणाली, आई, मी काय तुझी जाहिरात? आणि आली. बायका तिला बघायला यायच्या. ती त्यांच्याशी बोलायची, त्यांना शिलाई शिकवायची. खाटा भरायला लागल्या होत्या."

त्या थांबल्या. मी उठून त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"बाळंतपण चांगलं झालं. मुलगी झाली. मग रक्त सुरू झालं, ते थांबेना. आम्ही करायचं ते सगळं केलं. इथं रक्त चढवायची सोय नव्हती. गाडीत घातलं. घाट उतरायच्या आत गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं." त्यांनी पदराने ओठ पुसले. "जावई म्हणाले, तुम्ही तिला दाखवायला बोलावलंत. खोटं नाही बोलले. नातीला घेऊन सुरतला गेले. मी तिला फोटोतच मोठी होताना बघितलं."

बाई काठीच्या मुठीकडे पाहत होत्या. आतून एका बाईने हाक मारली, तशा मार्थाताई "आले गं" म्हणून गेल्या.

शेवटचं गणित मी दुसऱ्या दिवशी केलं. जोड्या लावल्या, वजनं दिली, दोन्ही बाजूंच्या बायका आता एकमेकींसारख्या दिसतात का ते रकान्यारकान्याने पाहिलं. दिसत होत्या. मग, बाईंच्या नियमाप्रमाणे, सगळ्यांत शेवटी, काय झालं ते पाहिलं. तक्ता उलटला होता. सारखीला सारखी ठेवून पाहिलं तर घरी राहिलेल्या बायकांमध्ये मृत्यू कितीतरी जास्त होते. विसाव्याने माणसं वाचवली होती. बाईंनी ते तीनतीनदा तपासायला लावलं. सेवलीला बाजूला ठेवूनही करून पाहायला सांगितलं. उत्तर थोडं हललं, पण फिरलं नाही.

मुजुमदार आले. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले. ते प्रामाणिक माणूस होते. भीतीच्या रकान्याबद्दलही त्यांनी विचारलं आणि आम्ही जे होतं ते सांगितलं. शेवटी ते उठले, मार्थाताईंसमोर गेले आणि म्हणाले, "सिस्टर, घर चालू राहील. रक्ताची सोयही इथे करायला हवी. ती मी मागतो." दोन्ही गोष्टी त्यांनी नंतर खरोखर केल्या. विसावा अजून आहे.

ते गेल्यावर मला वाटलं, मार्थाताई आता रडतील किंवा हसतील. त्यांनी आमचे कप उचलले, धुतले, पालथे घातले. हात पुसत माझ्याजवळ आल्या.

"यात एस्तेर कुठं आहे?"

या प्रश्नाची मला भीती होतीच. मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. सांग.

"ती यात नाही, ताई," मी म्हणाले. "आम्ही शोधलं. बाकी सगळ्या बायका पाड्यांवरच्या. ती एकटी शहरातून आलेली. तिच्या तब्येतीत धोक्याचं काहीच नव्हतं. तिच्यासारखी आणि घरीच राहिलेली अशी बाई आमच्याकडे नाही. जिला जोड लागत नाही, तिला हिशेबातून बाहेर ठेवावं लागतं."

"म्हणजे तिचं मरण धरलंच नाही."

"नाही."

"धरलं असतं तर?"

"तरी उत्तर तेच आलं असतं. पण ते धरणं बरोबर झालं नसतं."

त्या बाईंकडे वळल्या. "मी तिला बोलावलं नसतं, ती सुरतलाच राहिली असती, तर वाचली असती का?"

बाईंना खोकला आला. तो थांबेपर्यंत मार्थाताई तशाच उभ्या राहिल्या.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पुष्कळ बायकांचं मिळून काय होतं, तेवढंच मी सांगू शकते. एकीचं सांगता येत नाही. तिचं एकच आयुष्य घडलं. दुसरं घडलंच नाही. कोणी सांगतो म्हणाला, तर तो खोटं बोलतोय असं समजा."

मार्थाताईंनी मान डोलावली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "पाद्री म्हणतात देवाची इच्छा. जावई म्हणतात माझी चूक. कोणी म्हणालं नव्हतं, माहीत नाही."

बाई पुण्याला परत गेल्या. आठवड्याभराने मार्थाताईंनी मला विचारलं, "रविवारी मोकळी आहेस? नवापूरला जायचंय."

एसटीत त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. वाटेत त्यांनी सांगितलं, की एस्तेरला नवापूरलाच पुरलंय, माहेरच्या माणसांत. दफनाच्या दिवसानंतर त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या. "जाऊन काय बोलू तिच्याशी? इतकी वर्षं काही सुचलं नाही."

दफनभूमी गावाबाहेर होती, तारेच्या कुंपणाची. भावाने थडगं नीट ठेवलं होतं. पांढरा चुना दिलेला, वर लहान क्रूस, आणि नाव. मार्थाताई चप्पल काढून शेजारी बसल्या. मीही बसले. त्यांनी बराच वेळ डोळे मिटले होते. मग डोळे उघडून मला म्हणाल्या, "तू सांग तिला. मला ते नीट सांगता येणार नाही."

"काय सांगू?"

"आपण काय केलं ते. पहिल्यापासून सांग. शिकलेली होती, समजेल तिला."

मी अवघडले. आजूबाजूला कोणी नव्हतं, दूर कुंपणापाशी एक म्हैस चरत होती. मी चुन्याच्या त्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहून बोलायला लागले. तुझ्या आईचं घर बंद करणार होते, म्हणाले. मग तक्ता कसा फसवत होता ते सांगितलं. सारखीला सारखी कशी शोधली, उंबरठ्याच्या आधीची बाई कशी पाहिली, थोड्यांना जास्त वजन का दिलं. सेवलीचं सांगितलं. मध्ये कुठेतरी मला हे विचित्र वाटायचं थांबलं. आजवर इतक्या वर्गांपुढे मी हा विषय शिकवला आहे. त्या दिवशी सांगितला तितका सोपा करून पुन्हा कधी सांगता आला नाही. शेवटी म्हणाले, घरानं बायका वाचवल्या, एस्तेर. पुष्कळ वाचवल्या. घर राहणार आहे.

आणि मी थांबले.

"तेही सांग," मार्थाताई म्हणाल्या.

"ताई..."

"सांग. तिच्यापासून काही ठेवायचं नाही."

मी सांगितलं. "तुला यात धरता आलं नाही, एस्तेर. आम्ही सगळीकडे शोधलं. तुला जोड मिळाली नाही."

मार्थाताईंचा हात दगडावर होता, नावाच्या अक्षरांवर. तो तिथेच घट्ट झाला.

"कशी मिळेल?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला जोड कुठली?"

आणि त्या रडायला लागल्या. मोठ्याने, तोंड न झाकता, नुकतीच बातमी कळल्यासारख्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.